जिम्नीला बंपर, रॅक आणि कॅन लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मारुतीची पाच दारांची जिम्नी घेऊन तुम्हाला वर्ष झालं. घरात तुम्ही दोघं आणि दोन शाळकरी मुलं. दर पंधरा दिवसांनी चोरल, जानापाव, मांडू अशी कुठेतरी चक्कर होते आणि पुढच्या जूनमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरतंय. त्यासाठी पुढे विंचसकट (विंच म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) मजबूत बंपर, टपावर रॅक आणि मागच्या दाराला दोन जेरीकॅनचा कॅरिअर लावायचा आहे. इथे इंदुरात लोहामंडीत चौकशी केली तर एकाने स्टील सांगितलं, दुसऱ्याने ॲल्युमिनियम. तुमचं म्हणणं, ‘हलकं आणि टिकाऊ दोन्ही हवं, तर कशाचं करून घेऊ?’

मी सांवेर रोडवर २६ वर्षं फॅब्रिकेशन करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं अशाच गाड्यांच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, धातू कोणता हा दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधी बघायचं ते हे की तुमची गाडी अजून किती किलो उचलू शकते आणि ते किलो गाडीत नेमके कुठे बसणार आहेत. याचं उत्तर मिळालं की धातूचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुम्ही दोघंच जाणार असाल तर माझा अर्धा हिशोब बदलतो. गाडी थार किंवा गुरखा असती तर आकडे वेगळे आले असते. खडकांवर चढवण्याच्या स्पर्धांत उतरणार असाल तरी सल्ला वेगळा. खालचं सगळं चार माणसांचं कुटुंब घेऊन कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या जिम्नीसाठी आहे.

तर हिशोब. पाच दारांच्या जिम्नीचं रिकामं वजन प्रकारानुसार १,१९५ ते १,२१० किलो आहे आणि माणसं-सामान धरून कंपनीने दिलेली कमाल मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे तुमच्या हातात साधारण ३३५ ते ३५० किलो उरतात. तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून २२५ किलो धरा. उरले ११० ते १२५. आता तुमची यादी जोडू. ३ मिलिमीटर पत्र्याचा आणि पाइपचा पुढचा बंपर माझ्या काट्यावर ३८ किलोच्या आसपास भरतो. त्यावर दोरासकट विंच २७ किलो. स्टीलचा पूर्ण लांबीचा रॅक ३०. मागचा कॅरिअर रिकामा १६. बेरीज १११ किलो. अजून कॅनमध्ये पाणी नाही, मुलांच्या बॅगा नाहीत, स्वयंपाकाचं सामान नाही, आणि गाडी जवळजवळ मर्यादेला पोहोचली. हे सगळं ॲल्युमिनियमचं केलंत तर पस्तीस-चाळीस किलो वाचतील. पण त्याहून जास्त किलो, गरज नसलेली वस्तू न लावल्याने वाचतात.

आता दुसरी गोष्ट, जागेची. बंपर आणि विंच पुढच्या चाकांच्या ॲक्सलवर बसत नाहीत, त्याच्याही पुढे लटकतात. दोन ॲक्सलमधलं अंतर २५९ सेंटिमीटर आहे. ६५ किलोंचा भार पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे टांगला तर तरफेच्या नियमाने ६५ गुणिले ६० भागिले २५९, म्हणजे सुमारे १५ किलो मागच्या ॲक्सलवरून उचलले जातात आणि पुढच्या ॲक्सलवर ६५ ऐवजी ८० पडतात. पुढच्या स्प्रिंगा बसतात, नाक खाली जातं, हेडलाइटचा झोत जवळ पडतो आणि घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी पुढे जास्त झुकते. मग माणूस जाड स्प्रिंगा टाकायला येतो, त्यानंतर शॉकअप बदलायला. एका बंपरपायी सुरू झालेला खर्च असा चालू राहतो.

यावर अनेक जण म्हणतात की मागे कॅन लावले की समतोल साधेल. काट्यावर साधतो, हे खरं आहे. पण दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या हात लांब करून धरा आणि गिरकी घ्या, मग त्याच बादल्या छातीशी घेऊन गिरकी घ्या. फरक खांद्यांना लगेच कळतो. दोन्ही टोकांना वजन टांगलेली गाडी खड्ड्यातून निघाल्यावर जास्त वेळ पुढेमागे डोलते, वळणात उशिरा वळते आणि उशिरा सरळ होते. वजन चाकांच्या मधोमध आणि शक्य तितकं खाली असलं तर तीच गाडी तेवढ्याच किलोंत शहाण्यासारखी वागते.

आता पुढच्या बंपरबद्दल सविस्तर, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय असं प्रश्नावरून दिसतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मोठी एसयूव्ही आली होती. पुढे ६ मिलिमीटर पत्र्याचा गार्ड, मालकाने दुसऱ्या शहरातून करून आणलेला. पहाटे धुक्यात दुभाजकाला धडक बसली होती, वेग फार नव्हता. गार्डवर बोटभर लांबीचा ओरखडा, बाकी काही नाही. मालक खूश होता आणि फक्त रंग मारून मागत होता. मला बॉनेट आणि फेंडरमधली फट डावीकडे कमी वाटली म्हणून गार्ड उतरवला आणि चेसिसची पुढची दोन टोकं मोजली. डावं टोक १४ मिलिमीटर मागे आणि आत गेलं होतं. मूळ बंपरमागची आडवी पट्टी आणि तिच्यामागचे डबे कंपनीने मुद्दाम चुरगळण्यासाठी दिलेले असतात. ते चुरगळतात आणि धक्का खातात. गार्ड न वाकल्यामुळे तो सगळा धक्का सरळ चेसिसमध्ये गेला होता, आणि चेसिसमधून आत बसलेल्या माणसांच्या मानेत. ते मोजमाप मी मालकाला पट्टी लावून दाखवलं. त्या दिवसापासून एअरबॅग असलेल्या गाडीला पुढचा कडक बंपर मी करून देत नाही. ऑर्डर परत गेली तरी चालेल.

तुमच्या जिम्नीत ६ एअरबॅग आहेत. धडक बसल्यावर पुढचा भाग कोणत्या गतीने चुरगळतो त्यावरून सेन्सर ठरवतो की बॅग उघडायची की नाही आणि नेमकी केव्हा. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. कंपनीने तो हिशोब मूळ बंपर आणि त्यामागच्या डब्यांवर चाचण्या करून बसवलेला असतो. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही वेल्ड केलेला तुकडा लावला की तो हिशोब लागू राहत नाही. बॅग उशिरा उघडेल की किरकोळ धक्क्याला उघडेल, हे माझ्यासारखा कोणताही फॅब्रिकेटर सांगू शकत नाही, कारण आमच्यापैकी कोणीही धडकेची चाचणी करत नाही. आणि रस्त्यावर समोर पायी चालणारा माणूस असतो, त्याच्या मांडीला प्लास्टिक लागणं आणि पाइप लागणं यात फार अंतर आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं आणि मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. दंड भरता येतो, पण अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरने याच मुद्द्यावर बोट ठेवलं तर ते फार महाग पडतं.

एवढं सांगूनही तुम्ही विचाराल, मग गाडीचं नाक कसं वाचवू? त्यासाठी कंपनीच्याच तीन आकड्यांकडे बघा. पुढून चढण्याचा कोन ३६ अंश, मागून उतरण्याचा ४७ अंश आणि मधल्या पोटाचा फक्त २४ अंश. म्हणजे पाच दारांच्या जिम्नीत सर्वांत आधी घासतं ते पोट. तीन दारांच्या गाडीपेक्षा ही ३४ सेंटिमीटर लांब झाली, ते अंतर पोटातच वाढलं. माझ्या पिटवर येणाऱ्या जिम्नींना खालून बघतो तेव्हा खुणा चेसिसच्या मधल्या आडव्या तुळईवर आणि ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) आसपास असतात. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला फार तर पार्किंगच्या कठड्याचे ओरखडे. बंपरचे पैसे पोटाखाली खर्च करा, असं मी त्यामुळेच सांगतो.

पोटाखालच्या पत्र्यासाठी मात्र धातूचा प्रश्न खरा आहे, आणि इथे ॲल्युमिनियम जिंकतं. इंजिनाच्या ऑइल चेंबरखालचा पत्रा ६० बाय ५० सेंटिमीटर धरा. ३ मिलिमीटर स्टीलमध्ये त्याचं वजन ७ किलो, ५ मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये ४ किलो. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश ताठ असलं तरी ३ चा घन २७ आणि ५ चा १२५, त्यामुळे हा ५ मिलिमीटरचा पत्रा त्या ३ मिलिमीटर स्टीलपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ निघतो, निम्म्याहून थोड्या जास्त वजनात. पण जाडी तीच ठेवून नुसता धातू बदलला, ३ च्या जागी ३, तर दगडावर टेकताच तो चेंबरला जाऊन भिडेल. लोहामंडीत ‘ॲल्युमिनियम वाकतं’ म्हणणारे याच कारणाने म्हणतात. त्यांनी पाहिलेले पत्रे पातळ होते.

ॲल्युमिनियम मागताना ग्रेड विचारा. ५०५२ हा पत्रा वाकवायला चांगला, कोपऱ्यात तडकत नाही. ६०६१-टी६ कागदावर जास्त मजबूत दिसतो आणि विकणारे तोच पुढे करतात, पण तो काटकोनात वाकवताना बाहेरच्या कडेला केसासारख्या भेगा पडतात आणि वेल्ड केलं की जोडाजवळची ताकद जवळपास निम्म्यावर येते. भट्टीत पुन्हा उष्णतेची प्रक्रिया केली तरच ती परत मिळते आणि ती सोय छोट्या वर्कशॉपात नसते. म्हणून पोटाखालचा पत्रा ५०५२ चा, वेल्ड न करता, फक्त वाकवून आणि बोल्टने कसून. एक उणीव आहे तीही सांगतो. मांडूच्या आसपासच्या काळ्या पाषाणावर स्टील घसरतं, ॲल्युमिनियम अडकतं आणि खरवडलं जातं. दर पावसाळ्यानंतर खोल ओरखडे कानसने गुळगुळीत करावे लागतात, नाहीतर तिथून तडा सुरू होतो. पत्र्याची पुढची कड वरच्या बाजूला वळवून घ्या म्हणजे ती दगडात रुतणार नाही, आणि ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवायला सांगा. हे न सांगितल्यामुळे दर सर्व्हिसला सहा बोल्ट खोलणारे लोक मी पाहिलेत.

याच्या उलट, जिथे तुटलं तर तुम्ही रस्त्यात अडकाल तिथे स्टीलच वापरायचं. टोचनचे पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला दोर लावायच्या जागा), त्यांचे ब्रॅकेट, चेसिसच्या आडव्या तुळया. स्टील तुटायच्या आधी वाकून सूचना देतं आणि स्पितीच्या वाटेवर कुठल्याही गावात आर्क वेल्डिंगवाला ते जोडून देईल. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला आर्गन वायू लागतो, स्वच्छ पृष्ठभाग लागतो आणि हात बसलेला कारागीर लागतो. टिकाऊपणात दुरुस्तीची सोयही मोजावी, असं माझं मत आहे.

टोचनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण विंचची खरी गरज इथेच भागते. गाडीखाली दोन प्रकारचे हुक असतात. एक ओढण्यासाठी, दुसरा ट्रकवर चढवल्यावर गाडी बांधून ठेवण्यासाठी. दुसऱ्याला दोर लावून झटका दिला तर तो सुटून काचेतून आत येऊ शकतो. मॅन्युअलमध्ये कोणता कुठला ते दिलेलं असतं, आज रात्रीच बघून ठेवा. पुढे एक आणि मागे एक असा ८ ते १० मिलिमीटर पत्र्याचा पॉइंट चेसिसच्या मूळ भोकांवर बोल्टने बसवून घ्या. चेसिसला वेल्ड करू देऊ नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असलं पाहिजे, कोऱ्या डोक्याचा बोल्ट परत करा. सव्वातीन टनांचा शिक्का असलेली शॅकल (दोर अडकवायची कडी) आणि ताणणारा नायलॉनचा दोर, हे सगळं मिळून दहा किलोंच्या आत बसतं. तुम्ही दुसऱ्या गाडीसोबत जाता असं लिहिलंय, तेव्हा दहातल्या नऊ वेळा एवढ्याने काम होईल.

विंच हवीच असेल तर गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट ओढणारी पुरते, म्हणजे तुम्हाला साधारण २,३०० किलोंची. ९,५०० पौंडांची, म्हणजे ४,३०० किलो ओढणारी विंच तुम्हाला दाखवली गेली ती दोन-अडीच टनांच्या गाड्यांसाठी आहे. मी तर म्हणेन, हाताने दांडा मारून दोर ओढायचं तिरफोर यंत्र घ्या, जायच्या दिवशी गाडीत टाका आणि परत आल्यावर घरी ठेवा. ते पुढे लटकत नाही, पुढून ओढतं, मागून ओढतं आणि झाड मिळालं तर बाजूनेही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये शेतातल्या काळ्या मातीच्या वाटेवर उतरूच नका. ती माती टायरच्या नक्षीत भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात, तिथे रुतलेल्या चाकांखाली घालायच्या पाट्याही चालत नाहीत आणि शेतकऱ्याच्या बांधाचं नुकसान होतं ते वेगळंच.

बाजूचे पाइप, ज्याला लोक स्लायडर म्हणतात, ते तुम्हाला या वर्षी नकोत. दोन्ही बाजू मिळून २३ किलो जातात. पुढे कधी केलेच तर पाइपची एक गोष्ट ध्यानात ठेवा. ३८ मिलिमीटर व्यासाचा ३ मिलिमीटर जाडीचा पाइप आणि ४८.३ व्यासाचा २.३ जाडीचा पाइप, दोघांचं वजन मीटरला २.६ किलोच आहे. पण दुसरा पहिल्यापेक्षा पावणेदोन पट ताठ. हलकं करायचं म्हणजे व्यास वाढवून जाडी कमी करायची. वजन काढायचं सूत्र सोपं आहे. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, पुन्हा ०.०२४६६ ने गुणा, मीटरला किती किलो ते येतं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. हे सूत्र फोनमध्ये लिहून ठेवा आणि कोणी ‘एकदम हलका आहे साहेब’ म्हणाला की तिथेच गणित करा. पाण्याच्या नळाचा पाइप घेऊ नका. गाड्यांसाठीचा ईआरडब्ल्यू (विजेने सांधा वेल्ड केलेला) पाइप वेगळा मिळतो, आयएस ३०७४ हा त्याचा मानक क्रमांक.

आता टप. रॅक ३० किलो आणि त्यावर ५० किलो सामान, असं ८० किलो जमिनीपासून १८० सेंटिमीटरवर बसलं, आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर तो जवळपास ६ सेंटिमीटर वर सरकतो. जिम्नी मुळात अरुंद, १,६४५ मिलिमीटर रुंद आणि १,७२० उंच. तिरक्या उतारावर हे सहा सेंटिमीटर तुमच्या पोटात गोळा आणतील. शिवाय मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा किलोत दिलेली असते आणि तिच्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. बहुतेक जण फक्त सामान मोजतात.

टपावर काही न्यायचंच असेल तर हलकं आणि मोठं न्या. झोपायच्या पिशव्या, तंबू, गाद्या. पाणी, गॅस, हत्यारं, टिनचे डबे कधीच वर नाहीत. आणि रॅक ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलचा, बोल्टने जोडलेला घ्या. वेल्ड केलेला नको. कारण असं की स्टीलला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहन करतं, ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. छोटे छोटे हादरे ते मोजत जातं आणि एक दिवस वेल्डच्या कडेला उघडतं. माझ्याकडे एक रॅक असाच आला होता, स्पितीतल्या काझाहून परतीच्या वाटेवर चारपैकी दोन पाय गेलेला. तडा पायाच्या मधोमध नव्हता. वेल्ड जिथे संपतो त्या बिंदूपासून निघून तो करवतीने कापल्यासारखा सरळ गेला होता, आणि त्याच्या आतला अर्धा भाग काळा पडलेला, अर्धा चकचकीत. काळा भाग म्हणजे तडा कित्येक दिवस आधीपासून होता. मालक रोज सकाळी दोर तपासत होता, पाय कोणीच बघितले नाहीत. जिम्नीला टपाच्या कडेला पन्हळ आहे, तिच्यावर बसणारे सहा पाय घ्या, भार वाटला जातो, आणि रोज सकाळी बोटाने प्रत्येक पायाची मुळं चाचपा.

मागच्या कॅरिअरची तुम्हाला गरजच नाही असं मला वाटतं. पेट्रोलचा कॅन कशाला? टाकी ४० लिटरची आहे. चढावर गाडी लिटरला ११ किलोमीटर गेली तरी ४०० किलोमीटरच्या वर जाते. मनाली ते काझा साधारण २०० किलोमीटर आणि काझात पंप आहे. मग मागून कोणी ठोकलं तर सर्वांत आधी चेपणाऱ्या जागी, मुलांच्या पाठीमागे, पेट्रोल टांगायचं कशासाठी? शिवाय मागच्या दारावर आधीच स्टेपनी आहे. तिच्यावर अजून ४० किलो आले की वर्षभरात बिजागर बसतं, दार लावताना उचलावं लागतं आणि कच्च्या रस्त्यावर खडखडाट सुरू होतो. दिवे, रिफ्लेक्टर किंवा नंबर प्लेट झाकली गेली तर रात्रीचा धोका आणि चलन, दोन्ही.

पाणी आतच ठेवा. मागच्या सीटच्या पाठीला टेकून, जमिनीवर, दहा-दहा लिटरचे दोन चपटे कॅन. जिम्नीची डिकी सीट उभ्या असताना २०८ लिटरची आहे, लहानच आहे, म्हणून तिची प्रत्येक वीत वापरावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी १२ मिलिमीटर मरीन प्लायची एक मधली फळी करून देतो, खाली जड, वर हलकं. चौरस मीटरला साधारण आठ-नऊ किलो वजन, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, आणि फळी गाडीच्या मूळ बोल्टांनाच कसलेली. ड्रॉवरवाली तयार पेटी सुंदर दिसते, पण तिच्या स्लाइडचंच वजन बरंच असतं.

बांधणं सर्वांत महत्त्वाचं. ताशी ५० च्या धडकेत गाडी थांबते, आतलं सामान थांबत नाही, आणि दहा किलोंची पेटी क्षणभर दोन-तीनशे किलोंच्या जोराने पुढे येते. पुढे मुलांची डोकी असतात. रॅचेटच्या पट्ट्याने प्रत्येक जड वस्तू फरशीवरच्या कड्यांना बांधा. सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीही मोकळं ठेवू नका, किंवा मध्ये जाळी लावा. तुम्ही प्रश्नात बंपरबद्दल बारा ओळी लिहिल्यात आणि सामान कसं बांधणार याबद्दल एकही नाही, म्हणून हे जोर देऊन लिहितोय.

गंजाचं थोडक्यात सांगतो. माळव्यातली काळी माती ओल धरून ठेवते. पावसाळ्यानंतर एका गाडीचा पोटपत्रा खोलला तर त्यावर वाळलेल्या चिखलाची चार बोटं जाड वडी निघाली, आणि ती उचलल्यावर खालचा पत्रा नोव्हेंबरातही ओला होता. म्हणून प्रत्येक खोलगट जागेला पाणी निघायला भोक हवं. स्टीलवर नुसतं पावडर कोटिंग नको, कारण एक टवका उडाला की गंज कोटिंगच्या खालून पसरतो आणि वरून महिनोन्‌महिने दिसत नाही. आधी झिंकचा प्रायमर, मग रंग. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचा बोल्ट थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं. स्टेनलेसचा बोल्ट भारी म्हणून लोक आग्रहाने लावतात, तो ॲल्युमिनियमला जास्तच खातो. झिंक चढवलेला साधा हाय टेन्साइल बोल्ट बरा.

तर तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा. पोटाखाली ५०५२ चे दोन पत्रे, बोल्ट-ब्रॅकेटसकट साधारण ९ किलो. टोचनचे दोन पॉइंट, ५ किलो. आतली फळी आणि पट्टे, १२ किलो. एकूण २६ किलो, सगळं चाकांच्या उंचीच्या आसपास, आणि जवळपास सगळं दोन ॲक्सलच्या मध्ये किंवा त्यांच्या जवळ. रॅक स्पितीपुरता बोल्टने चढवा आणि परत आल्यावर उतरवा. पुढचा बंपर कंपनीचाच राहू द्या. प्लास्टिक फुटलं तर नवं मिळतं.

वर्कशॉप निवडताना एवढं करा. त्याच्याकडे पडलेला वेल्डचा एखादा टाकाऊ तुकडा मागा आणि ग्राइंडरने मधोमध कापायला सांगा. कापलेल्या जागी दोन पत्रे एकमेकांत विरघळलेले दिसले तर काम द्या, मध्ये बारीक काळी रेष दिसली तर दुसरीकडे जा. चांगला कारागीर कापायला नाही म्हणत नाही.

आणि त्याच्याही आधी, या रविवारी, टाकी भरून चौघंही गाडीत बसून सांवेर रोडवरच्या कुठल्याही धर्मकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा तोला. मोठे काटे दहा-वीस किलो इकडेतिकडे दाखवतात, तेवढं सोडून द्या. दोन्ही पावत्यांवर तारीख टाकून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. काम झाल्यावर त्याच काट्यावर तसेच परत जा, आणि स्पितीला निघायच्या आदल्या दिवशी सामान भरून पुन्हा एकदा. तिसऱ्या पावतीवर १,५४५ च्या वर आकडा आला तर काय काढायचं ते तिथेच उभं राहून ठरवा. तिन्ही आकडे इथे लिहिलेत तर स्प्रिंगांचं काही करावं लागेल का, ते मी बघून सांगेन.